घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारचा एक्झॉस्ट: आधी हालचाल ठरवा, मग पाइप कापा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चौकोनी पाइपच्या सांगाड्याची (स्पेस-फ्रेम) चासी घरीच बांधली आहे. पुढे जिप्सीचं १३०० सीसी, १६ व्हॉल्व्हचं इंजिन लांबीत बसवलंय आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना आहे. गाडी फक्त ट्रॅकवर पळवायची आहे. एक्झॉस्ट बॉनेटच्या बाजूच्या पत्र्यातून बाहेर काढून कॉकपिटच्या खालच्या कडेने मागे न्यायचाय. ४-१ करू (चारही पाइप एकदम एकात) की ४-२-१ (चाराचे दोन, दोनाचा एक), पाइप किती इंची घेऊ, एस.एस. (स्टेनलेस स्टील) घेऊ की एम.एस. (साधं माइल्ड स्टील), आणि सुरुवात कुठून करू?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरं त्यावर अवलंबून आहेत. सुरुवात इंजिन किती हलतं ते बघण्यापासून करा. मी कोल्हापुरात स्टेनलेसच्या पाइपांचं काम करतो. डेअरीच्या लाइनी हे रोजचं काम, हौशी आणि रेसिंगच्या गाड्यांचे एक्झॉस्ट हे आवडीचं. घरी बनवलेले जे एक्झॉस्ट माझ्याकडे दुरुस्तीला येतात ते बहुतेक चिरलेले असतात. चीर पहिल्या बेंडच्या वेल्डला असते, नाहीतर कलेक्टरच्या (पाइप एकत्र येतात त्या तुकड्याच्या) बेचक्यात, नाहीतर सायलेन्सर टांगायच्या पट्टीपाशी, म्हणजे हँगरपाशी. प्रायमरीची (पोर्टमधून निघणाऱ्या पहिल्या पाइपची) लांबी इंचभर चुकली म्हणून गाडी घेऊन आलेला माणूस मला आठवत नाही. तरीही लोक लांबीच्या आकडेमोडीत आठवडे घालवतात आणि पाइपला हलायला जागा कुठे ठेवायची हे सगळं वेल्डिंग झाल्यावर बघतात.

ही हालचाल दोन कारणांनी होते. पहिलं कारण उष्णता. फुल थ्रॉटलला एक्झॉस्ट पोर्टपाशी गॅसचं तापमान ८०० अंशांच्या आसपास जातं. ३०४ स्टेनलेसचा एक मीटर पाइप ५०० अंशांनी तापला की साधारण ९ मिमी लांब होतो. एम.एस. त्याच तापमानाला ६ ते ७ मिमी वाढतं. हेडमधून पाणी फिरत असल्यामुळे तिथला फ्लेंज (पाइप हेडला बोल्टने बसवायची जाड प्लेट) मात्र बराच थंड राहतो. म्हणजे एक टोक जागेवर घट्ट आणि पुढचा पाइप लांब व्हायला बघतोय. दुसरं टोकही चासीला पक्कं धरलंत तर ते ९ मिमी कुठेतरी जाणारच, आणि ते सर्वांत कमजोर वेल्डमध्ये जातात.

दुसरं कारण इंजिनाचा झोल. बॉनेट उघडं ठेवा, मित्राला न्यूट्रलवर ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडायला सांगा आणि इंजिनाकडे बघा. रबर माउंटिंगवर ते सहज बोटभर कलतं. गिअरमध्ये, ट्रॅकवर, ब्रेकवरून परत थ्रॉटलवर येताना याहून जास्त. लांबीत बसवलेलं इंजिन क्रँकच्या रेषेभोवती कलतं, त्यामुळे बाजूने बाहेर आलेला पाइप वरखाली होतो आणि स्वतःभोवती थोडा पिळलाही जातो. हा पीळ फार महत्त्वाचा आहे. बाजारात जाळीचा फ्लेक्स पाइप मिळतो, तो बहुतेक लोक डोळे झाकून लावतात. तो वाकणं आणि थोडं लांब-आखूड होणं सहन करतो, पीळ सहन करत नाही. आडव्या इंजिनाच्या गाड्यांत इंजिन पुढे-मागे कलतं, तिथे फ्लेक्स फक्त वाकतो, म्हणून वर्षानुवर्षं टिकतो. तुमच्या मांडणीत त्याला दर वेळी थोडा पीळ बसेल आणि जाळीच्या आतली नळी लवकर फाटेल.

म्हणून तुमच्यासाठी माझा सल्ला असा: कलेक्टरपर्यंतचा सगळा भाग इंजिनाचा समजा, त्याला चासीचा कुठेही आधार देऊ नका. कलेक्टरच्या लगेच मागे स्प्रिंग-बोल्टचा गोल गास्केटवाला जॉइंट द्या. मारुतीच्या पुष्कळ छोट्या गाड्यांत फ्रंट पाइपला असतो तोच, गोलाकार रिंग आणि दोन स्प्रिंगचे बोल्ट. कुठल्याही स्पेअरच्या दुकानात मिळतो. तो कोनात वळतो, स्वतःभोवतीही फिरतो. त्याच्या मागचा पाइप आणि सायलेन्सर चासीला दोन ठिकाणी रबरावर टांगा, आणि ती रबरं मऊ घ्या. लांब पाइप पुढच्या टोकाला त्या जॉइंटवर डुलतो, मागे रबर थोडं हलतं, आणि वेल्डवर काहीच येत नाही. बाजूच्या पत्र्यातलं भोक पाइपच्या भोवती सगळीकडून किमान २० मिमी मोकळं ठेवा. भोक मोठं दिसतं म्हणून कमी करू नका. पत्र्याला पाइप घासला की आवाजही येतो आणि पाइपला खाचही पडते.

गाडी ट्रॅकपुरती ठेवणार आहात हे योग्य केलंत. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणी झालेल्या गाडीतही कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेरचा बदल करू देत नाही. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे प्रोटोटाइपची चाचणी आली, म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची पायरी आली. एका गाडीसाठी तो खर्च कोणालाच झेपत नाही. पुण्या-नागपुरात जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलीस रोडरोलर फिरवतात ते फोटो तुम्ही पाहिले असतीलच. ट्रॅकवर जाताना गाडी ट्रेलरवर न्या, मग तो करी मोटर स्पीडवेपर्यंतचा कोइम्बतूरचा लांबचा पल्ला का असेना.

आता ४-१ की ४-२-१. तुमच्या इंजिनाचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) स्टॉक, म्हणजे कंपनीचाच आहे असं धरतो. हे इंजिन ८० बीएचपी ६००० आरपीएमला देतं आणि १०३ न्यूटन-मीटर टॉर्क ४५०० ला. म्हणजे उपयोगाचा पट्टा ३५०० ते ६२०० चा. अशा इंजिनाला ४-२-१ शोभतं. ४-१ वरच्या एका छोट्या पट्ट्यात थोडं जास्त देतं, पण मधे एक खड्डा सोडतं, आणि छोट्या ट्रॅकवर गाडी वळणातून बाहेर येताना नेमकी त्या मधल्या आरपीएममध्येच असते. शिवाय ४-१ ला चार सारख्या लांबीचे लांब पाइप एका बिंदूवर आणावे लागतात. त्या अरुंद बॉनेटखाली ते बसवताना जीव मेटाकुटीला येतो. ४-२-१ मध्ये १ आणि ४ ची जोडी करा, २ आणि ३ ची जोडी करा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, म्हणून या जोड्यांमध्ये बरोबर ३६० अंशांचं अंतर पडतं आणि एकाचा धक्का दुसऱ्याच्या उघड्या व्हॉल्व्हवर येत नाही. शेजारी-शेजारी आहेत म्हणून १-२ आणि ३-४ जोडण्याचा मोह होईल, पण तसं केलंत तर ४-२-१ चा सगळा फायदाच जातो.

लांबीसाठी एक जुना ठोकताळा आहे, तो मी अजून वापरतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या (पिस्टन सर्वांत खाली असतो त्या बिंदूच्या) जितके अंश आधी उघडतो त्यात १८० मिळवा, ८५० ने गुणा, हव्या त्या आरपीएमने भागा, ३ वजा करा. उत्तर इंचांत येतं. समजा व्हॉल्व्ह ५० अंश आधी उघडतो आणि तुम्ही ६००० वर ट्यून करताय. २३० गुणिले ८५० भागिले ६००० म्हणजे ३२.६, त्यातून ३ गेले, साडे एकोणतीस इंच. सुमारे ७५० मिमी. ही ४-१ च्या प्रायमरीची लांबी. ४-२-१ मध्ये तीच दोन भागांत वाटायची: पहिले १५ इंच चार पाइप, उरलेले साडेचौदा इंच दोन पाइप. कॅमचा खरा आकडा तुमच्या मॅन्युअलमधून किंवा क्रँकवर अंशांची चकती (डिग्री व्हील) लावून घ्या. चार पाइपांत २०-२५ मिमीचा फरक राहिला तरी झोप उडवून घेऊ नका. तो फरक घालवायला एक जादा बेंड घालावा लागत असेल तर घालू नका, बेंडने होणारं नुकसान जास्त.

व्यासाचा हिशोब याच पद्धतीने केला तर तुमच्या ३२५ सीसीच्या सिलिंडरला आतून साधारण ३४ मिमीचा पाइप येतो. बाहेरून दीड इंच, म्हणजे ३८.१ मिमी, आणि जाडी १.६ मिमी घेतलीत तर आतून ३४.९ मिळतात. छान जुळतं. दुसऱ्या टप्प्याचे दोन पाइप पावणेदोन इंची आणि कलेक्टरनंतर दोन इंची. बरेच जण अडीच इंच लावा म्हणून आग्रह करतील. ८०-९० हॉर्सपॉवरच्या इंजिनाला अडीच इंच लावलं की गॅसचा वेग पडतो, वजन वाढतं आणि सायलेन्सरचं काम अवघड होतं. दोन इंचच ठेवा.

मालाविषयी. तुमचा हात आर्गन वेल्डिंगवर (टिग) बसलेला नसेल तर पहिला पूर्ण सेट १.६ मिमीच्या एम.एस. पाइपमध्ये करा. एम.एस. कमी फुगतं, उष्णता पटकन पसरवतं, त्यामुळे वेल्डिंगला कमी वेडंवाकडं होतं आणि चुका माफ करतं. गंजेल, पण तोवर तुम्हाला कुठे काय अडतं ते कळलेलं असेल. हात बसलेला असेल तर थेट ३०४, मिळालं तर ३०४ एल. टर्बो नसलेल्या इंजिनाला जास्त उष्णता सहन करणाऱ्या ३२१ ग्रेडवर पैसे घालवायची गरज नाही. जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप मात्र चुकूनही नको. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर अंगावर येतो, ताप भरतो.

एस.एस. घेताना एक खबरदारी. रेलिंगच्या आणि फर्निचरच्या दुकानात मिळणारा चकचकीत पाइप बहुधा २०२ ग्रेडचा असतो, त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त. २०२ आणि ३०४ दोघांनाही चुंबक लागत नाही, म्हणून चुंबकाने फरक कळत नाही. टेस्टिंगचं औषध मिळतं, एक थेंब टाकून नऊ व्होल्टच्या बॅटरीचा करंट दिला की २०२ वर रंग लालसर होतो. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून संकोचू नका, त्याच्यासमोरच थेंब टाका. २०२ सततच्या उष्णतेत आणि पावसाच्या दमटपणात लवकर खराब होतं, आणि त्यावर केलेली तुमची सगळी मेहनत वाया जाते.

बेंडसाठी माझी पहिली पसंती डेअरीच्या बेंडला. आपल्या पट्ट्यात दूध संघ आणि चिलिंग प्लँट इतके आहेत की दीड आणि दोन इंचाचे ३०४ चे ४५ व ९० अंशांचे एल्बो तयार मिळतात. भिंत दीड-पावणेदोन मिमीची, आतून गुळगुळीत, बेंडमध्ये व्यास कमी झालेला नाही. गॅरेजमधल्या हायड्रॉलिक बेंडरवर वाकवलेला पाइप वळणात चपटा होतो, चार पाइपांना असे चार-चार चपटे बेंड आले की हेडर बांधण्यात अर्थच उरत नाही. शेड्यूल १० चे जाड एल्बोही बाजारात आहेत, ते टर्बो मॅनिफोल्डला चांगले, तुमच्या हलक्या गाडीला उगाच वजन.

फ्लेंज लेझर कटिंगवाल्याकडून ८ किंवा १० मिमी प्लेटचा करून घ्या. नवं गास्केट स्कॅन करून ड्रॉइंग करा, पण भोकं एकदा प्रत्यक्ष हेडच्या स्टडवर ताडून बघा. कडेच्या दोन भोकांना मिलिमीटरभर मोकळीक द्या, कारण फ्लेंजही तापून लांब होणार. पोर्ट पूर्ण गोल नसेल तर पाइपचं टोक लाकडी ठोकळ्यावर हळूहळू ठोकून पोर्टच्या आकाराचं करा. पाइपची कड पोर्टमध्ये डोकावता कामा नये. उलट पाइप पोर्टपेक्षा एखादा मिलिमीटर मोठा असला तर चालतो.

आता गाडीवरचं काम. इथे घाई केलीत तर पुढे पस्तावाल. फ्लेंज हेडला घट्ट बसवा. कलेक्टर जिथे यायला हवा तिथे चासीला एक तात्पुरता स्टँड टॅक करून (वेल्डच्या एक-दोन ठिपक्यांनी धरून) कलेक्टर हवेत पक्का धरा. मग स्टीअरिंग कॉलम, क्लच केबल, स्टार्टर, ऑइल फिल्टर, ब्रेकच्या लाइनी, सगळं जागेवर असल्याची खात्री करा. नंतर लावू म्हणून बाजूला ठेवलेली वस्तू नेमकी पाइपच्या वाटेत येते. सर्वांत अडचणीचा पाइप आधी काढा. बहुधा तो फायरवॉलजवळचा चौथा असतो. सोपे पाइप कसेही वळवता येतात, अवघडाला एकच वाट असते. प्रत्येक पाइप टॅक झाला की त्या पोर्टचे दोन्ही नट सॉकेटने सुटतात का, स्पार्क प्लग निघतो का, हे हाताने करून बघा. नुसतं बघून समाधान मानू नका, प्रत्यक्ष पाना लावा.

बेंड कापण्याची एक गोष्ट नीट समजून घ्या. एल्बो मधेच कुठेही कापता येतो, पण काप बेंडच्या वळणाच्या केंद्रातून गेला पाहिजे. तसा गेला तर कापलेलं तोंड पूर्ण गोल राहतं आणि पुढच्या तुकड्याशी कुठल्याही कोनात फिरवून जुळतं. काप थोडा तिरका गेला की तोंड लंबगोल होतं, मग ते फक्त एकाच जागी जुळतं, बाकी सगळीकडे फट. मी जाड पत्र्यावर बेंडच्या त्रिज्येचं वर्तुळ आखतो, केंद्रातून दर दहा अंशाला रेघ मारतो, एल्बो त्यावर ठेवून कडेला खूण करतो आणि पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खूण पूर्ण फिरवतो. कापल्यावर तोंड सपाट प्लेटवर सँडपेपर ठेवून घासायचं. दोन तुकडे उजेडाकडे धरून बघा, फटीतून उजेड दिसला तर परत घासा. आर्गनला शून्य फट लागते. फट भरायला फिलर ओतलात की पाइप ओढला जातो आणि आतून गाठ येते. जुळवताना दोन्ही तुकड्यांवरून एक सरळ रेघ मार्करने ओढून ठेवा, म्हणजे काढून परत लावताना कोन हरवत नाही.

गाडीवर फक्त टॅक मारा. टॅकआधी बॅटरीची वायर काढा, ईसीयूचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टर काढा, अर्थचा क्लॅम्प ज्या पाइपला वेल्ड करताय त्याच पाइपला लावा, चासीला नाही. पेट्रोलची टाकी गाडीतून बाहेर. पूर्ण वेल्डिंग टेबलावर, फ्लेंज एका जाड प्लेटला बोल्टने बांधून. जुनं फुटकं हेड भंगारात मिळालं तर त्याहून चांगला जिग (काम पक्कं धरायचा साचा) नाही.

वेल्डिंगच्या आधी सफाई ॲसिटोनने. ब्रेक क्लीनरचे काही स्प्रे क्लोरीनवाले असतात. त्यांचा अंश पाइपवर राहिला आणि आर्गनचा आर्क पडला की फॉस्जीन तयार होतो. तो विषारी वायू आहे, माणूस दगावू शकतो. हा स्प्रे वेल्डिंगच्या खोलीतच ठेवू नका. एस.एस.च्या धुरातलं क्रोमियमही वाईट, दार-खिडक्या उघड्या ठेवा, पण पंख्याचा झोत थेट आर्कवर नको.

१.६ मिमीच्या पाइपला ५०-६० अँपिअर पुरतात, १.६ चं टंगस्टन, १.६ चा ३०८ एल फिलर. एस.एस. पाइप एम.एस. फ्लेंजला जोडताना ३०९ एल. वेल्डिंगच्या टॉर्चवर मिनिटाला ८ ते १० लिटर आर्गन. आणि आतून पर्जिंग, म्हणजे पाइपच्या आतही आर्गन भरणं, हवंच. पाइपची टोकं ॲल्युमिनियम टेपने बंद करा, एका टोकातून ४-५ लिटरने आर्गन आत सोडा, दुसऱ्या टोकाला सुईएवढं भोक. आतली हवा पूर्ण बाहेर जाऊ द्या, मग आर्क. पर्जिंगशिवाय केलेला वेल्ड बाहेरून सोनेरी, सुंदर दिसतो, आणि आतून काळा, खडबडीत, साखरेसारखा दाणेदार. चीर तिथूनच सुरू होते, शिवाय ते दाणे सुटून लॅम्डा सेन्सरवर (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) आदळतात. डेअरीच्या लाइनीत असा वेल्ड तपासणीला रिजेक्ट होतो, एक्झॉस्टलाही तोच नियम लावा. रंग बघून काम ओळखा: फिकट सोनेरी उत्तम, निळा चालेल, राखाडी झाला तर उष्णता जास्त झाली किंवा गॅस कमी पडला. वेल्ड एका दमात गोल फिरवू नका. चार टॅक, मग समोरासमोरचा पाव-पाव भाग, मधे थंड होऊ द्या.

फ्लेंज वेल्डिंगने केळ्यासारखा वाकणार हे धरूनच चाला. जिगवर थंड झाल्यावर सरफेस ग्राइंडरवर तोंड सपाट करून घ्या. मग दोन-दोन पोर्टच्या मधली पट्टी हॅकसॉने कापून टाका. चार पोर्ट मोकळे झाले की प्रत्येक आपापला बसतो आणि गरम झाल्यावर स्टड ओढले जात नाहीत.

पहिल्या टप्प्याचे पाइप दुसऱ्यात जिथे जातात तिथे मी पूर्ण वेल्ड न करता स्लिप जॉइंट ठेवतो. एक पाइप दुसऱ्यात ३०-४० मिमी आत, फट जेमतेम पाव मिमी, बाहेरून दोन स्प्रिंगा. फुगण्याचा सगळा हिशोब तिथेच संपतो. थंड असताना थोडा धूर गळतो, तापल्यावर बंद होतो.

लॅम्डा सेन्सर चारही पाइप एकत्र आल्यानंतर. एम१८ गुणिले दीडचा बंग (सेन्सर फिरवून बसवायची आट्यांची रिंग) मिळतो. तो पाइपच्या वरच्या अंगाला, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर लावा, म्हणजे पाण्याचे थेंब सेन्सरमध्ये साचत नाहीत. वेल्ड करताना बंगमध्ये जुना प्लग किंवा बोल्ट फिरवून ठेवा, नाहीतर आटे वाकतात. तुमच्या मांडणीत स्प्रिंगचा जॉइंट आणि सेन्सर जवळजवळ येतील. सेन्सर जॉइंटच्या आधी, कलेक्टरच्या शेपटीवर लावा. गळक्या जॉइंटच्या मागे लावलात तर गॅसच्या धक्क्यांमधे बाहेरची हवा आत ओढली जाते, मीटर लीन (पेट्रोल कमी) दाखवतं आणि तुम्ही विनाकारण पेट्रोल वाढवत बसता. स्लिप जॉइंट सैल असतील तर तिथूनही हेच होतं, म्हणून ट्यूनिंगला बसण्याआधी ते घट्ट बसतात ना ते बघा.

सायलेन्सर ट्रॅकच्या गाडीलाही पूर्ण ताकदीचा लावा. ट्रॅकच्या आसपास गावं असतात, लोक राहतात, आणि त्यांच्या तक्रारी आल्या की ट्रॅकच बंद होतो. नुसत्या रिकाम्या डब्याला सायलेन्सर म्हणून विकणारे आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. आतली जाळीची नळी दोन इंचीच, म्हणजे गॅसला अडथळा नाही. भोकांचं क्षेत्रफळ एकूण भिंतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं तरी हवं. बाहेरचा डबा १५० मिमी व्यासाचा आणि ५०० मिमी लांब. जागा असेल तर व्यासापेक्षा लांबी वाढवा, आवाज लांबीने जास्त कमी होतो. नळीवर आधी एस.एस. वुलचा एक थर, त्यावर लांब धाग्याचं ग्लास फायबर. वुलचा थर वगळला तर गरम गॅस काच वितळवून, तोडून पाइपमधून बाहेर फेकतो आणि दोन-तीन ट्रॅक डे झाले की डबा वाजायला लागतो. दर लिटर जागेत १०० ते १५० ग्रॅम फायबर भरा. ठासून भरलंत तरी आवाज वाढतो, सैल भरलंत तरी वाढतो. मागचं झाकण रिव्हेटने लावा म्हणजे फायबर बदलता येईल. आणि डब्याच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचं भोक ठेवा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, ते थंड डब्यात साचतं.

हँगरची पट्टी थेट पाइपच्या किंवा डब्याच्या पातळ भिंतीला वेल्ड करू नका. आधी २ मिमीचा, गोल कोपऱ्यांचा ठिगळासारखा तुकडा लावा, त्यावर पट्टी. ठिगळाचे कोपरे टोकदार ठेवलेत तर चीर तिथूनच निघते.

उष्णतेपासून संरक्षण सर्वांत आधी माणसाचं. बाजूने जाणारा पाइप गाडीत चढता-उतरताना पोटरीला लागतो, आणि ती भाजणी साधी नसते. त्यावर भोकं पाडलेला एस.एस.चा गार्ड, पाइपपासून १५ मिमी अंतरावर. तसंच ब्रेक फ्लुइडचं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नव्या फ्लुइडला किमान २३० अंश, पाणी शोषलेल्याला १५५. ब्रेकची लाइन हेडरशेजारून गेली की पेडल खाली जातं, आणि ते नेमकं ब्रेक हवा तेव्हाच जातं. लाइन दुसरीकडून न्या, जागाच नसेल तर मधे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा दोन्ही बाजूंना हवा राहील असा लावा. फायबरची पट्टी हेडरवर गुंडाळायला मी सांगत नाही. तिच्याखाली धातू जास्त तापतो, पावसाळ्यात ती ओल धरते, आणि सर्वांत वाईट म्हणजे चीर पडली तरी दिसत नाही.

सगळं बसल्यावर इंजिन चालू करायच्या आधी व्हॅक्यूम क्लीनरचा ब्लोअर टेलपाइपला लावा आणि प्रत्येक वेल्डवर साबणाचं पाणी मारा. स्लिप जॉइंटला बुडबुडे येतील, वेल्डला यायला नकोत. मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत नुसतं आयडलला ठेवा, बंद करा, हात लागेल इतकं गार होऊ द्या. मॅनिफोल्डचे नट तेव्हा पुन्हा टॉर्कला लावा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला आणि मधून बाहेर या क्रमाने. तांब्याचा मुलामा असलेले एक्झॉस्टचे लॉकनट वापरा, साधे नट दुसऱ्या वेळी स्टडसकट निघून येतात. ट्रॅकवरचं पहिलं सेशन चार-पाच लॅपचंच ठेवा. पिटमध्ये आल्यावर पाइप गार होईतो थांबा, टॉर्च घेऊन चारही पहिले बेंड, कलेक्टरचं बेचकं आणि हँगरची ठिगळं बघा. पत्र्याच्या भोकाच्या कडेला चकाकलेली रेघ दिसली तर पाइप तिथे टेकतोय. भोक त्याच दिवशी कानशीने वाढवा, पुढच्या वेळेवर ठेवू नका.